जुनी द्राक्षवेल आणि नैसर्गिक लाल वाईन : बाग काढण्यापूर्वी हिशेब करा



मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना वैशाखरे हे गाव लागते. घाटाच्या खाली आपला भात, नागली, वरी यांचा मुलूख. घाट चढून पलीकडे गेले की जुन्नर तालुका आणि ओतूर-नारायणगाव पट्ट्यातील द्राक्षबागा. दोन्हीकडच्या माणसांत सोयरीक आहे, येणेजाणे आहे. वैशाखरे येथे भातपिकाच्या चर्चेसाठी जमलो असता एका शेतकऱ्याने वेगळाच प्रश्न विचारला. त्यांच्या मेहुण्यांची जुन्नर भागात एक एकर वाईन द्राक्षाची बाग आहे. वेलींचे वय १८ वर्षे. उत्पादन घटले म्हणून मेहुणे बाग काढायला निघाले आहेत. परंतु एक लहान वाईन उत्पादक त्यांना सांगतो, "बाग काढू नका. मला याच जुन्या वेलींची काळी द्राक्षे हवीत. त्यापासून मी नैसर्गिक लाल वाईन करणार आहे."

शेतकऱ्याचा प्रश्न सरळ होता. "साहेब, हा माणूस खरे बोलतो, की गोड बोलून माल स्वस्तात नेणार?" त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न आला. "आणि आमच्या वरकस जमिनीत ही वेल लावली तर?"

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे अनेकांच्या उपयोगी पडतील म्हणून हा लेख. येथे मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा हेतू नाही. द्राक्ष पिकवणाऱ्याच्या पदरात काय पडते, एवढाच विचार केला आहे.

नैसर्गिक लाल वाईन म्हणजे काय?

लाल वाईन काळ्या द्राक्षांपासून होते. आपल्याकडे त्यासाठी कॅबरने सॉव्हिन्यॉन, शिराझ, मर्लो, झिनफान्डेल या जाती प्रामुख्याने लावतात. या द्राक्षांचा मणी लहान, साल जाड व बी मोठे असते. बहुतेक जातींचा रस जवळजवळ रंगहीन असतो. लाल रंग व तुरटपणा सालीतून उतरतो. म्हणून लाल वाईन करताना रस सालीसकट आंबवतात. पांढऱ्या वाईनमध्ये साल आधीच वेगळी करतात.

नेहमीच्या पद्धतीत रस आंबवण्यासाठी बाजारातील निवडक यीस्ट टाकतात. जंतूंचा बंदोबस्त व टिकाऊपणा यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट म्हणजे के.एम.एस. वापरतात. आम्लता कमी पडल्यास टार्टारिक आम्ल घालतात आणि शेवटी वाईन गाळून बाटलीत भरतात. यात गैर काही नाही. चांगली वाईन या पद्धतीनेही होते.

नैसर्गिक म्हटल्या जाणाऱ्या वाईनमध्ये मात्र यीस्ट, आम्ल, रंग यांपैकी काहीही बाहेरून घालत नाहीत. द्राक्षाच्या सालीवर व वाईनरीत असलेल्या यीस्टनेच रस आंबवतात. फ्रान्समध्ये २०२० पासून अशा वाईनसाठी ऐच्छिक नामांकन सुरू झाले आहे. त्याच्या प्रमुख अटी अशा : द्राक्षे सेंद्रिय पद्धतीने पिकवलेली व हाताने तोडलेली असावीत, यीस्ट बाहेरचे नसावे आणि सल्फाइट वापरलेच तर त्याचे प्रमाण लिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे. तुलनेसाठी सांगायचे तर युरोपात नेहमीच्या कोरड्या लाल वाईनला लिटरमागे १५० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे.

याचा शेतकऱ्याच्या दृष्टीने अर्थ काय? नेहमीच्या पद्धतीत द्राक्षातील उणीव वाईनरीत काही प्रमाणात भरून काढता येते. नैसर्गिक पद्धतीत ती सोय नाही. कुजका मणी, चिरलेला घड, औषधाचा अंश किंवा कमी आम्लता यांपैकी जे बागेतून येईल ते बाटलीपर्यंत जाते. म्हणून असा उत्पादक बागेच्या बाबतीत चोखंदळ असतो आणि जुन्या वेलींच्या शोधात असतो.

जुन्या वेलीत असे काय असते?

आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाईन संघटनेने २०२४ मध्ये जुन्या वेलीची व्याख्या ठरवली. तीनुसार ३५ वर्षे किंवा अधिक वयाची नोंद असलेली वेल ही जुनी वेल होय. ऑस्ट्रेलियातील बरोसा खोऱ्यात १८४३ साली लावलेल्या शिराझच्या वेली आजही घड देतात. स्लोव्हेनियातील मारिबोर शहरात एक वेल ४०० वर्षांहून जुनी आहे.

आपल्याकडील गणित वेगळे आहे. थंड देशांत वेल हिवाळ्यात पूर्ण विश्रांती घेते. आपल्याकडे ती वर्षभर हिरवी राहते आणि तिच्यावर एप्रिलची खरड छाटणी व सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या होतात. त्यामुळे वेल लवकर थकते. साधारण १५ वर्षांनंतर बहुतेक बागायतदार बाग काढण्याचा विचार करू लागतात. म्हणून आपल्याकडे १८ वर्षांच्या बागेला जुनी म्हणण्यास हरकत नाही.

जुन्या वेलीची मुळे खोल व दूरवर गेलेली असतात. एखादे पाणी चुकले तरी ती लगेच कोमेजत नाही. जाड खोडात व ओलांड्यात अन्नाचा साठा मोठा असतो, त्यामुळे एक हंगाम वाईट गेला तरी पुढच्या हंगामात ती तग धरते. शेंड्याची वाढ आटोक्यात राहते, घड कमी व बहुधा मणी लहान येतात. मणी लहान असला की रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून रंग व तुरटपणा जास्त उतरतो. लाल वाईन करणाऱ्याला हेच हवे असते.

परंतु केवळ वय वाढले म्हणून गुण येत नाही. जगात ज्या जुन्या बागा टिकल्या त्या मुळातच चांगल्या जमिनीत, चांगल्या जातीच्या होत्या, म्हणूनच टिकल्या. रोगट वेल म्हातारी झाली तर ती फक्त म्हातारी असते. तरुण वेलीवरही घड मर्यादित ठेवले आणि पाणी बेताचे दिले तर उत्तम द्राक्ष मिळते. जुनी वेल हे काम आपणहून करते, इतकाच फरक.

मॉर्गों गावचा लहान उत्पादक

या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फ्रान्समधील बोजोले भागातले आहे. तेथे मॉर्गों परिसरात मार्सेल लापिएर (१९५० ते २०१०) या शेतकऱ्याने १९७३ मध्ये घरची बाग हाती घेतली. गामे जातीच्या जुन्या वेली त्यांच्याकडे होत्या. त्या काळी त्या भागात रासायनिक खते, तणनाशके, बाहेरचे यीस्ट व भरपूर सल्फाइट यांचा वापर वाढला होता. १९८० च्या सुमारास लापिएर यांची झ्यूल शोव्हे या वाईन व्यापारी व रसायनतज्ज्ञाशी गाठ पडली. शोव्हे यांचे म्हणणे थोडक्यात असे : द्राक्ष निरोगी असेल, तापमान थंड ठेवले आणि स्वच्छता कडक असेल तर सल्फाइटशिवाय रस आंबवता येतो. लापिएर यांनी तणनाशके बंद केली, पिकलेले द्राक्ष निवडून हाताने तोडले, कुजके मणी काढून टाकले आणि अख्खे घड थंड करून टाकीत आंबवले. शेजारच्या काही शेतकऱ्यांनीही तीच वाट धरली. पुढे जगभरच्या नैसर्गिक वाईन करणाऱ्यांनी मॉर्गोंचा धडा गिरवला.

येथे एक बाब लक्षात घ्यावी. शोव्हे प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट तपासणारे होते. काही न घालणे म्हणजे काही न करणे नव्हे. जेथे औषध कमी, तेथे देखरेख जास्त लागते.

आपल्या हवामानातील अडचण

मॉर्गोंमध्ये तोडणी उन्हाळा सरताना होते व द्राक्षात आम्लता भरपूर असते. आपल्याकडे वाईन द्राक्षाची तोडणी जानेवारी अखेरपासून मार्चपर्यंत, म्हणजे वाढत्या उन्हात होते. साखर वाढते तशी आम्लता झपाट्याने घटते आणि सामू वर जातो. सामू ३.२ असताना सल्फाइटची जी मात्रा पुरते, तिच्या सुमारे चौपट मात्रा सामू ३.८ असताना लागते. म्हणून जास्त सामूच्या द्राक्षाची बिनसल्फाइट वाईन करणे फार जोखमीचे आहे. ती आंबट सिरक्यासारखी होते किंवा तिला तबेल्यासारखा वास येतो.

यावर उपाय बागेतच आहे. केवळ ब्रिक्स पाहून तोडणी न करता सामूही मोजावा. लाल वाईनसाठी साधारण २३ ते २४ ब्रिक्स व ३.६ च्या आत सामू असताना तोडणी केलेली बरी. तोडणी पहाटे करून सकाळचे ऊन चढण्यापूर्वी माल वाईनरीत पोचवावा. क्रेट उथळ भरावेत, म्हणजे खालचे मणी फुटणार नाहीत.

लाल वाईन कशी तयार होते?

माल विकणाऱ्याला पुढची प्रक्रिया माहीत असावी. त्याशिवाय खरेदीदार अमुक अट का घालतो हे कळत नाही.

घड निवडून देठ काढतात व मणी हलके फोडून टाकीत भरतात. एक-दोन दिवसांत रस आंबू लागतो. सुरुवातीस सालीवरची निरनिराळी रानटी यीस्ट काम करतात. अल्कोहोल चार-पाच टक्क्यांवर गेले की ती मागे पडतात आणि वाईनचे मुख्य यीस्ट पुढचे काम पूर्ण करते. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल बनते. या हिशेबाने २४ ब्रिक्सच्या द्राक्षापासून साडेतेरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल येते.

आंबताना वायूमुळे साली वर येऊन जाड टोपी तयार होते. ती दिवसातून दोन-तीन वेळा खाली दाबावी लागते, नाहीतर वरचा थर आंबट होतो. तापमान ३० अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. आठ ते पंधरा दिवसांनी रस काढून चोथा दाबतात. त्यानंतर दुसऱ्या टप्प्यात जिवाणूंमुळे कैरीसारखे तीव्र मॅलिक आम्ल सौम्य लॅक्टिक आम्लात बदलते. मग गाळावरून वाईन वेगळी करून पिंपात किंवा टाकीत मुरवतात. १०० किलो द्राक्षांपासून साधारण ६० ते ७० लिटर, म्हणजे ७५० मि.लि.च्या ८० ते ९० बाटल्या मिळतात.

येथे एक इशारा आवश्यक आहे. आंबणाऱ्या टाकीतून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. जुन्या विहिरीत उतरताना जसा दम कोंडून माणूस दगावतो, तसाच धोका टाकीत वाकताना किंवा उतरताना असतो. वाईनरीत मजुरीस जाणाऱ्यांनी हवा खेळती केल्याशिवाय टाकीत उतरू नये.

तसेच, परवान्याशिवाय वाईन तयार करणे व विकणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी घेतल्याखेरीज घरी प्रयोग करू नयेत.

जुनी बाग काढावी की ठेवावी?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. महाराष्ट्रात जुन्या वाईन बागा थोड्या का आहेत, हे आधी पाहावे लागेल. १९८० च्या दशकात नारायणगाव येथे श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने वाईन उद्योग सुरू केला. शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले, विंचूर व पलूस येथे वाईन पार्क झाले आणि वाईन द्राक्षाची लागवड झपाट्याने वाढली. पुढे जागतिक मंदी आली, नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर हॉटेल व पर्यटन व्यवसाय थंडावला आणि वाईनचा खप घसरला. टाक्या भरलेल्या राहिल्या, अनेक बागायतदारांची देणी अडकली आणि वाईन द्राक्षे घेणारा उरला नाही. कित्येकांनी पाच-सहा वर्षांच्या तरण्या बागा कुऱ्हाड लावून काढल्या. ज्या वेली आज मोलाच्या ठरल्या असत्या, त्या तेव्हाच गेल्या. दोष वेलीचा नव्हता, विक्रीच्या भरवशाचा होता. जुनी बाग ठेवतानाही हाच धडा समोर ठेवावा.

हिशेब असा मांडावा. समजा, जुनी बाग एकरी ३ टन देते आणि नवीन बाग ५ टन देईल. वरवर पाहता जुन्या बागेच्या मालास सुमारे पावणेदोन पट भाव मिळाला तरच ती परवडेल असे वाटते. परंतु नवीन बाग पहिली दोन वर्षे काही देत नाही आणि तिसऱ्या वर्षी निम्मेच देते. दहा वर्षांत नवीन बागेचे एकूण उत्पादन साडेसदतीस टन होईल, तर जुनीचे ३० टन. म्हणजे जुन्या बागेच्या मालास सव्वापट भाव मिळाला तरी एकूण उत्पन्न बरोबरीत येते. शिवाय खुंट, कलम, खड्डे, नवीन मांडव यांचा खर्च वाचतो तो वेगळाच.

मात्र हे गणित जुनी बाग दहा वर्षे ३ टनांवर टिकली तरच खरे. ती २ टनांवर आली तर भाव जवळजवळ दुप्पट लागतो आणि तो सहसा मिळत नाही. म्हणून निर्णयापूर्वी बागेत फिरून पुढील गोष्टी मोजाव्यात.

१. एकूण किती वेली मेल्या आहेत? एक-पंचमांशापर्यंत तूट असल्यास नांग्या भरून बाग ठेवता येते. एक-तृतीयांशाहून अधिक तूट असल्यास बाग काढलेली बरी.

२. ओलांडा कापून पाहावा. आतील लाकूड पाचरीच्या आकाराने तपकिरी व वाळके दिसल्यास खोडाचा बुरशीजन्य रोग आहे असे समजावे. तो थोड्या वेलींत असेल तर रोगट भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून बोर्डो पेस्ट लावावी व खालच्या फुटीपासून नवीन ओलांडा तयार करावा.

३. काळ्या जातीत पाने अवेळी लाल होऊन कडा खाली वळल्या व शिरा हिरव्याच राहिल्या, तर विषाणू रोगाची शंका घ्यावी. अशा वेलीचे द्राक्ष नीट पिकत नाही. तिच्यावर उपाय नाही, म्हणून ती काढावी. हा रोग पिठ्या ढेकणामार्फत पसरतो, तेव्हा त्याचाही बंदोबस्त करावा.

४. खोडकिडीची भोके व भुसा पाहावा. प्रादुर्भाव वेळीच आटोक्यात न आल्यास एक-दोन हंगामांत वेल जाते.

५. मागील तीन वर्षांचे उत्पादन वहीत मांडावे. ते स्थिर असेल तर बाग म्हातारी पण धडधाकट आहे. दर वर्षी घसरत असेल तर आशा धरू नये.

बाग ठेवायची ठरल्यास

जुन्या वेलीकडून जास्त उत्पादनाची अपेक्षा करू नये. गोडी छाटणीनंतर घडांची विरळणी करावी. शेणखत व हिरवळीचे खत यांवर भर द्यावा. नत्र जास्त झाल्यास शेंडा वाढतो व रंग कमी येतो. मण्यात रंग भरू लागल्यावर पाणी कमी करावे, पण पाने वाळेपर्यंत ताण देऊ नये. माती व देठ परीक्षण करून घ्यावे; पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्लाही उपयोगी पडतो.

नैसर्गिक वाईनसाठी माल द्यायचा असेल तर केवडा व भुरीवर बोर्डो मिश्रण, गंधक, ट्रायकोडर्मा यांचाच आधार उरतो. गंधकाची फवारणी तोडणीच्या किमान एक महिना आधी थांबवावी. गंधकाचा अंश राहिल्यास आंबताना कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि सगळी टाकी वाया जाते. ऑक्टोबरचा पाऊस लांबला तर सेंद्रिय पद्धतीत केवड्याने बराच माल जाऊ शकतो. ही जोखीम कोणाची, हे आधी ठरले पाहिजे.

करार कसा असावा?

जुन्या बागेचा माल टनाच्या नेहमीच्या भावाने देऊ नये. कमी उत्पादन ही खरेदीदाराचीच मागणी असेल तर भाव एकरावर ठरवावा, किंवा टनाचा भाव तेवढा चढा असावा. करार लेखी व किमान तीन ते पाच वर्षांचा असावा. त्यात ब्रिक्स व सामूची मर्यादा, तोडणीची तारीख कोण ठरवणार, पावसाने नुकसान झाल्यास काय, आणि पैसे किती दिवसांत मिळणार हे स्पष्ट लिहावे. काही रक्कम गोडी छाटणीच्या वेळी आगाऊ घ्यावी. लहान उत्पादक स्वतः बागेत येऊन वेली पाहतो, ही जमेची बाजू. पण त्याचे भांडवलही लहान असते, हे विसरू नये.

घाटाखाली द्राक्ष लावावे काय?

मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. आपल्याकडे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पडतो. खरड छाटणीनंतरची काडी पावसाळ्यात पक्व व्हावी लागते. आपल्या दमट हवेत केवडा व करपा तिला टिकू देणार नाहीत. घाट ओलांडून पूर्वेकडे गेले की पाऊस एकदम कमी होतो, म्हणून तेथे द्राक्ष साधते. शेजाऱ्याच्या शेतात जे पिकते ते आपल्या शेतात पिकेलच असे नाही.

परंतु जुन्या झाडाचे मोल हा धडा आपल्यालाही लागू आहे. आपल्या बांधावर व रानात जुनी जांभळाची झाडे आहेत. बदलापूर व बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे चिकूपासून वाईन केली जाते. जांभळाचा रस गडद, तुरट असतो व त्यापासूनही वाईन होते. गावातील चांगल्या फळाची जुनी झाडे हेरून त्यांची नोंद करावी, त्यांची भेट कलमे करावीत आणि सरपणासाठी त्यांच्यावर घाव घालू नये.

वैशाखरे येथील शेतकऱ्याने हा हिशेब घाटावर जाऊन मेहुण्यांना सांगितला. दोघांनी मिळून बाग मोजली. १,३६० वेलींपैकी १९० मेल्या होत्या आणि सुमारे ६० वेलींची पाने लाल दिसली. म्हणजे तूट एक-पंचमांशाच्या आतच आहे. मागील तीन वर्षांचे उत्पादनही तीन टनांच्या आसपास स्थिर आहे. तो वाईन उत्पादक वेलीबद्दल खरे बोलत होता. भावाबद्दल तो किती खरा, हे करारावर सही झाल्यावर कळेल. तोपर्यंत बाग काढायची नाही आणि लेखी कागदाशिवाय गोडी छाटणीही त्याच्या सांगण्याप्रमाणे करायची नाही, असे त्यांनी ठरवले आहे.

बागायतदार बंधूंनीही असाच विचार करावा. वेल काढायला एक दिवस पुरतो, ती अठरा वर्षांची व्हायला अठरा वर्षेच लागतात. म्हणून कुऱ्हाड हाती घेण्यापूर्वी वही हाती घ्यावी.